चढावरची अकरा मिनिटं

छावणीच्या मागच्या अंगाला टेकडीपुरा नावाची वस्ती आहे. पाचच गल्ल्या, आणि त्याही चढत गेलेल्या. पहिली सपाटीवर, पाचवी पार टेकडीच्या अंगावर. तिथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. का आठ दिवसांनी, ते विचारू नका. त्यावर इतक्या सभा झाल्यात की बोलणारे थकले आणि ऐकणारे घरी जाऊन हंडे मोजत बसले.

पाणी येतं ते पावणेचार तास. वरच्या टाकीचं दार दुसऱ्याच कुणाच्या हातात, ते बंद झालं की खेळ खलास. पण त्या पावणेचार तासांत कुठल्या गल्लीला किती, हे ठरवणारा माणूस एकच होता. सांडू हिवराळे, लाईनमन. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो यायचा, चेंबरचं झाकण सरकवायचा, चावी आत घालून आटे मोजत फिरवायचा. पहिल्या गल्लीच्या व्हॉल्व्हला चौदा आटे, तिसरीच्या व्हॉल्व्हला सतरा, आणि पाचवीचा जुना, गंजलेला, त्याला एकवीस. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. एकतीस वर्षं ते सगळं सांडूच्या मनगटात होतं.

पाचव्या गल्लीत सांडूचं स्वतःचं घर. आणि पाचवीला पाणी सगळ्यात शेवटी. त्यातही बाकीच्या गल्ल्यांपेक्षा कमीच. समोरच्या केसरबाई, वय सत्तरीच्या पुढं, मागंपुढं कुणी नाही, त्या ओट्यावर बसून म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार रे बाबा. पाणी सोडणारा आमच्याच गल्लीत, अन आम्हीच कोरडे." सांडू मान खाली घालून म्हणायचा, "चढ हाये ना, केसरबाई. पाणी चढत नाय." केसरबाईंना ते पटायचं. सगळ्या गल्लीला पटायचं. सांडूची बायको लीलाबाई, तिलाही पटायचं. कमी पडलेलं पाणी ती रस्त्यापलीकडच्या हापशावरून आणायची. डोक्यावर एक हंडा, कमरेवर कळशी, चढ चढून वर. तिचे गुडघे पन्नाशीच्या आतच गेले होते. घरात पूर्वी तीन ड्रम भरायचे. तिसरा भरेनासा झाला तेव्हा तिनं तो धुऊन वाळवला आणि त्यात ज्वारी ठेवायला लागली. माणूस असाच असतो. जे मिळत नाही त्याची जागा दुसऱ्या कशानं तरी भरून टाकतो आणि पुढं चालू लागतो.

सांडू अठ्ठावन्नचा झाला. निवृत्तीला महिना राहिला तेव्हा साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की डोक्यात आहे ते कागदावर उतरवून द्या. गल्ली, आटे, मिनिटं, सगळं. त्याच्या जागी येणारा शिवराज फुलंब्रीचा, रोज एसटीनं येणारा, तिशीचा शहाणा माणूस. तो काय स्वप्नात येऊन विचारणार होता का? साहेब म्हणाले ते खरंच होतं. पण एकतीस वर्षांत सांडूला कशाची भीती वाटली असेल तर ती कागदाची.

त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून लिहायला बसली निशा, त्याची मुलगी. लग्नानंतर सोळा-सतरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. ती अकरावीत होती. तिला यंदाच अर्थशास्त्र लागलं होतं आणि पहिला धडा तिनं आल्याआल्या घरात सगळ्यांना ऐकवला होता. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, म्हणून माणसाला निवड करावी लागते. एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं आणि जे सोडलं तीच घेतलेल्याची खरी किंमत. लीलाबाई तेव्हा म्हणाली होती, "एवढ्यासाठी कॉलेजात जावं लागतं व्हय? आपल्या नळाखाली बसली असती तरी कळलं असतं." सांडू मात्र त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलला नव्हता.

रविवारची सकाळ होती. लीलाबाई उंबऱ्यापाशी शेंगा फोडत बसली होती. निशानं वहीचं पान फाडून पट्टीनं रेघा मारल्या.

"पहिली गल्ली?"

"चौदा आटे. पंचेचाळीस मिनिटं."

"दुसरी?"

"सोळा. पंचेचाळीस."

"तिसरी?"

सांडू थांबला. खोटं सांगावं असं त्याच्या मनात आलं, हे कबूल केलं पाहिजे. पण उद्या शिवराज या कागदाप्रमाणं चावी फिरवणार. कागदावर खोटं लिहिलं तर तिसऱ्या गल्लीचं पाणी अकरा मिनिटं आधी जाणार. आणि खरं लिहिलं तर ते कायमचं लिहिलं जाणार.

"सतरा आटे," तो म्हणाला. "छप्पन मिनिटं."

"चौथी?"

"पंधरा. पंचेचाळीस."

"आपली?"

"एकवीस. चौतीस मिनिटं."

निशानं लिहिलं आणि बेरीज केली. दोनशे पंचवीस. मग पेन्सिलीचं टोक तिसऱ्या ओळीवर ठेवून म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना सारखं दिलं तर पंचेचाळीसच येतात. तिसरीला अकरा जास्त अन आपल्याला बरोबर अकरा कमी. हे चढामुळं नाही. हे तुम्ही देताय."

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

आता एकोणीस वर्षं मागं गेलं पाहिजे, कारण सांडूही त्या क्षणी तिथंच गेला होता. चौदा एप्रिल होता. बाबासाहेबांची जयंती, आणि नेमका पाण्याचा दिवस. पाचवी गल्ली सगळी आपल्या लोकांची. निळे झेंडे लागलेले, विहारासमोर मांडव, शंभर माणसांची खीर. लीलाबाईनं सकाळी पांढरी साडी घडीतून काढता काढता त्याला म्हटलं होतं, "आज थोडं जास्त सोडा की हो. वर्षातून एकदा तर मागते." तेव्हा ती तेहतीसची होती, मूलबाळ नव्हतं, आणि खरंच काही मागत नसे. सांडूनं घड्याळ बघितलं आणि तिसऱ्या गल्लीचा व्हॉल्व्ह अकरा मिनिटं आधी बंद केला. चुकून नाही. बघून, समजून. अकरा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या गल्लीत बिल्किस राहायची, सरफराज वेल्डरची बायको. सातवा महिना चालू होता. ती सावकाश भरायची, लहान भांडी आधी आणि मोठा ड्रम शेवटी. ड्रम अर्धा झाला आणि नळ फुसफुसून गेला. दुपारी ती हंडा घेऊन हापशावर गेली. हापशाभोवती शेवाळ असतं. ती पडली. लेकरू गेलं.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हपाशी सरफराजनंच सांडूला सांगितलं. डोळे सुजलेले, आवाज मात्र शांत. "पानी कल जल्दी चला गया, सांडूभाई. वो हापशे पे गयी थी." कुणाला दोष देत नव्हता तो. पाणी कधीकधी लवकर जातंच. सांडूनं चावी हातात धरली होती आणि ती त्याला उचलेना.

पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यानं तिसरीला छप्पन मिनिटं दिली. बिल्किसला त्या दिवशी चौतीस मिळाली होती, म्हणून आपल्या गल्लीला चौतीस. असा त्याचा न्याय. वाटलं होतं, वर्षभर करू. पण दुसऱ्या वर्षी लीलाबाईला दिवस गेले. एका घरचं लेकरू गेलं आणि आपल्या घरी आलं, या विचारानं तो इतका घाबरला की पुढं तो व्हॉल्व्ह वेळेवर बंद करायची त्याची छातीच झाली नाही.

हे सगळं त्यानं त्या रविवारी सांगितलं. तुटक सांगितलं, मधे दोनदा पाणी प्यायला उठला. निशा वहीकडं बघत होती. लीलाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"जास्त सोडा असं मीच म्हणले होते," ती म्हणाली.

"व्हय."

"अन मला सांगितलं, पाणी चढत नाय."

सांडूनं पट्टी उचलून परत ठेवली.

"तुमची चूक होती तर माझीबी होती. मग फेड एकट्यानंच का केली? अन केली ती माझ्या डोक्यावरच्या हंड्यानं का केली?"

"तुला कळलं असतं तर तू पोटातल्या पोरीला धड मनानं वाढवलं नसतं, लीला. म्हणून नाय सांगितलं."

"ती झाल्यावर सांगायचं. ती चालायला लागल्यावर सांगायचं. एकोणीस वर्षांत एक दिवस नाय सापडला?" तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "मला विचारलं असतं तर मी दिली नसती व्हय ती अकरा मिनिटं? आनंदानं दिली असती. तुम्ही दिली नाय, निशाचे पप्पा. माझ्याकडून काढून घेतली."

 आजवर सांडू समजत होता की आपण काहीतरी सोसलं. सोसणारी समोर बसली होती, दोन्ही गुडघ्यांना रोज तेल चोळणारे हात घेऊन. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की त्या दिवशी विहारातही त्याचं पाऊल पडलं नाही.

निशा म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय, एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं. निवडणारा एक अन सोडणारा दुसराच असला तर काय, ते नाही लिहिलं." तिनं कागद तसाच ठेवला. फक्त मिनिटांचा रकाना खोडून रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईनं चपला घातल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

एकोणीस वर्षांत सांडू तिसऱ्या गल्लीत हजार वेळा गेला असेल, पण सरफराजचा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. ईदला शीरखुर्मा यायचा तो सरफराज व्हॉल्व्हपाशी आणून द्यायचा. सरफराज कामावर गेला होता. दार बिल्किसच्या मुलीनं उघडलं. माहनूर, पंधरा वर्षांची, त्या दुःखानंतर चार वर्षांनी झालेली. बिल्किसनं त्यांना खाटेवर बसवलं आणि रीतीप्रमाणं आधी दोन पेले पाणी पुढं ठेवलं. सांडूनं पेला हातात घेतला, पण तो तोंडाला लावायची त्याची हिंमत होईना.

माहनूरला आईनं चहा टाकायला आत पाठवलं. मग लीलाबाईच बोलली. सांडू तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं. "बिल्किस, त्या जयंतीच्या दिवशी तुमच्या गल्लीचं पाणी लवकर गेलं, ते गेलं नव्हतं. यांनी बंद केलं होतं. माझ्यासाठी. मी मागितलं होतं."

बिल्किस ऐकत राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"अन तेव्हापासून आम्हाला जास्त येतंय, ते?" तिनं विचारलं.

"ते आमच्या वाट्याचं," सांडू म्हणाला. 

"मला वाटायचं, उतारावर हाये म्हणून येतं." बिल्किसनं पेल्याकडं पाहिलं. "त्या दिवशी पाणी लवकर का गेलं, हे मी अल्लाला लई वेळा विचारलं, भाई. तुम्हाला विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं."

सांडूच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही आणि बिल्किसनंही त्याच्याकडं पाहिलं नाही.

"आज उठा तुम्ही," ती म्हणाली. "रागानं नाय सांगत. राग येईल का नाय, ते मला अजून कळलंच नाय. पण आज उठा."

चहा तसाच राहिला. चढ चढताना लीलाबाई दोनदा थांबली. सांडूनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही, पण त्याला मागंही टाकलं नाही. त्याच्याबरोबरच चालली.

तीन दिवसांनी संध्याकाळी माहनूर आली. निशाची आणि तिची तोंडओळख होती, पण ती सरळ सांडूपुढं उभी राहिली. "काका, अम्मीनं निरोप दिलाय. त्या लेकराच्या नावचं पाणी आम्हाला नको. जेवढं सगळ्यांना तेवढंच आम्हाला लिहा." मग जरा थांबून म्हणाली, "अम्मी तीन दिवस रडतीय. का ते सांगत नाय. तुम्हाला माहीत हाये का?"

"माहीत हाये," सांडू म्हणाला. "ती सांगेल तेव्हा ऐक. तिनं नाय सांगितलं तर मला विचार. मी खोटं बोलणार नाय."

त्या संध्याकाळी निशानं रिकाम्या रकान्यात पाच वेळा पंचेचाळीस लिहिलं. लीलाबाईनं कागद हातात घेऊन बघितला. तिला आकडे वाचता येत. तिनं तो परत दिला आणि म्हणाली, "द्या तुमच्या साहेबाला."

निरोपाच्या दिवशी कार्यालयात शाल, नारळ, चार भाषणं झाली. एकानं सांगितलं की हिवराळे स्वतःच्या गल्लीला सगळ्यात शेवटी पाणी देत, असा निःस्वार्थी माणूस होणे नाही. टाळ्या पडल्या. सांडू खुर्चीवर आखडून बसला होता. घरी आल्यावर त्यानं ती शाल पेटीच्या तळाशी घातली आणि पुन्हा कधी अंगावर घेतली नाही.

मग पाण्याचा दिवस आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सांडू पाण्याच्या दिवशी आपल्या ओट्यावर बसलेला होता. त्याला हातात काहीच नाही हे सोसेना, म्हणून त्यानं घड्याळ काढून मुठीत धरलं. साडेदहाला खाली शिवराज दिसला. चेंबरवर वाकून तो एकवीस आटे मोजत होता, ओठ हलत होते. नळ खोकला, हवा सोडली आणि वाहू लागला.

गल्लीभर नेहमीची धांदल सुरू झाली. लीलाबाईनं आधी पिण्याच्या कळशा भरल्या, मग हंडे, मग पहिला ड्रम, मग दुसरा. हात यंत्रासारखे चालत होते. दुसरा ड्रम काठोकाठ झाला तसं तिनं नळी बाहेर काढली, झाकण टाकलं, पदराला हात पुसले आणि पाणी जायची वाट बघत उभी राहिली. सांडूनं घड्याळ पाहिलं. चौतीस मिनिटं झाली होती.

पाणी गेलं नाही.

तिनं नळीकडं पाहिलं. पातेली आणली, ती भरली. परात भरली, तांब्या भरला, निशाचा कॉलेजचा डबासुद्धा भरला. पाणी येतच होतं. तिसऱ्या ड्रममध्ये ज्वारी होती.

सांडूनं मान वर केली आणि गल्लीकडं बघितलं. अठ्ठावीस घरं. प्रत्येक दारात एकेक बाई हातात वाहती नळी घेऊन उभी होती आणि कुणाकडंच भांडं नव्हतं. एकोणीस वर्षांत ज्याच्या त्याच्या घरचा ड्रम फुटला होता, हंडा मोडीत गेला होता, आणि परत कुणी घेतला नव्हता, कारण भरणार कशानं? पाणी दारांतून उतरत गल्लीच्या मधून खाली चाललं होतं. सांडूनं आजवर पापाचा सगळा विचार केला तो दोन घरांचा, एक बिल्किसचं आणि एक आपलं. ही सत्तावीस घरं त्याच्या ध्यानीमनी नव्हती. केसरबाईंनी किती वर्षं हापसा मारला, त्या कितव्या वर्षी हापशावर जायच्या थांबल्या आणि तेव्हापासून आठ दिवस कशावर काढतात, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

समोरून केसरबाईच बोलल्या. नळी त्यांनी पायावर धरली होती आणि त्या भेगाळलेल्या टाचा धूत होत्या, इतक्या सावकाश, जणू कुणी दुसऱ्याच्या धुतायत. चेहरा हसरा होता.

"लीला, पाहिलंस का गं? पाणी चढलं की आज. नवा माणूस लई गुणाचा आला बाई."

 लीलाबाईनं फक्त नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. पण या वेळी ती त्याच्या वतीनं बोलणार नव्हती.

सांडू ओट्यावरून उठला. घड्याळ त्यानं खिशात टाकलं आणि वाहत्या पाण्यातून अनवाणी चालत गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला, सगळ्या दारांना दिसेल असा.

"केसरबाई," तो म्हणाला, "पाणी पहिल्यापासूनच चढत व्हतं."

केसरबाईंचा पाय धुणारा हात थांबला. शेजारच्या दारांतल्या बायका एकेक करून त्याच्याकडं बघायला लागल्या. अजून चार मिनिटं पाणी होतं, आणि सांडूला सगळं सांगायचं होतं.